तुमच्या घरचं अर्थिंग

सर, गेल्या आठवड्यात पाच दिवस मी तुमच्या घरी कामाला होते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या फोटोपुढे फुलं वाहून निघाले, त्यानंतर तुमच्या घराची पायरी मी चढले नव्हते. कामानिमित्त देऊळघाटात येणं व्हायचं, तुमच्या गल्लीच्या तोंडावरून गाडी जायची, काकूंना भेटून यावं असं दरवेळी वाटायचं आणि दरवेळी पुढच्या खेपेला बघू म्हणून मी पुढे निघून जायची. या वेळी तुमच्या सुनेनंच फोन केला. म्हणाली, "ताई, मामंजींच्या हाताखाली शिकलेलं कोणीतरी पाहिजे, असं आईंचं म्हणणं आहे. दुसऱ्या कोणाले त्या बोर्डाले हात लावू देत नाहीत."

तुमची सून रोपं करते, हे तुम्हाला ठाऊक नसणार. लग्न होऊन आली तेव्हा ती कृषी पदविका घेतलेली साधी पोरगी होती, आता तिच्या मिरची-टमाट्याच्या रोपांसाठी लोक मोताळ्याहून, चिखलीहून गाड्या घेऊन येतात. मुलगा तुमचा पुण्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. घर काकू आणि सून या दोघी बायकाच चालवतात. डिसेंबरातल्या थंडीत बी लवकर उगवत नाही आणि उगवलं तर रोप पिवळं पडून लांबतं, म्हणून तिनं माडीवरच्या खोलीत, जिथं बसून तुम्ही आमच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायचा त्या खोलीत, लोखंडी मांडण्या लावल्यात. जालन्याकडच्या एका बंद झालेल्या पॉलिहाऊसमधून सोडियमचे मोठे दिवे आणलेत. सहाशे वॅटचा एकेक, असे सहा. प्रत्येकाला वीतभर लांबीचा जड चोक आणि वर लोखंडी टोपी. "पहाटे पाचले लागले पाहिजे आन् सात वाजता संध्याकाळी बंद झाले पाहिजे, आपोआप. मी रोज कुठं उठून बसू?" असं तिचं साधं मागणं होतं. बाजारातून तिनं एक टायमरही आणून ठेवला होता, चावीच्या घड्याळासारखा, तबकडी फिरणारा. तिच्या मनात होतं की हा टायमर भिंतीवरच्या सॉकेटला लावायचा आणि सगळे दिवे त्याच्यावर जोडायचे.

मी तिला समजावून सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी तुमच्याच पद्धतीनं सांगतेय, हाताची बोटं मोडत, मध्येच थांबून "समजलं का?" असं विचारत. की एवढा भार त्या टायमरच्या पोटातल्या इवल्याशा पत्तीला पेलणार नाही. हे चोकचे दिवे लागताना एकदम जास्त करंट ओढतात, चार दिवसांत पत्ती चिकटून बसेल आणि दिवे मग बंदच होणार नाहीत. टायमरनं फक्त हुकूम द्यायचा, भार उचलायला वेगळा कॉन्टॅक्टर बसवायचा. आणि तबकडीवाला टायमर लाईट गेली की तिथंच थांबतो, आपल्याकडे लाईट काय सांगून जाते का? दोन दिवसांत त्याची पहाट दुपारी उजाडेल. म्हणून आतमध्ये स्वतःचा सेल असलेला टायमर घ्यायचा. मीटरपासून माडीवर जाड केबलची वेगळी लाईन, वर स्विचांची छोटी पेटी, म्हणजे डीबी, दोन-दोन दिव्यांना एकेक एमसीबी, आणि सगळ्यांच्या आधी माणसाला झटका बसायच्या आत तोडणारा तो ब्रेकर, जो तुमच्या काळात आम्ही फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. मंजूर लोड वाढवायचा अर्जही तिला लगेच भरायला लावला. पोरगी हुशार आहे. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे ताई, मी विहिरीचं पाणी चहाच्या गाळणीनं काढाले निघाली होती." मला हसू आलं. तुम्हाला आवडलं असतं हे बोलणं.

काम सुरू झालं. तुमचा मुख्य बोर्ड मी उघडला आणि थोडा वेळ नुसती बघत राहिले. आता कोण असं करतं, सर? एकही वायर दुसरीला ओलांडून जात नाही. वळण आलं की काटकोनात वळते, जशी आम्हाला फुटपट्टी लावून वळवायला लावायचा तशीच. काळ्या काळ्यांच्या बाजूला, लाल लालांच्या, आणि अर्थिंगच्या हिरव्या सगळ्या खाली पितळी पट्टीवर एकेका स्क्रूखाली. धूळ सोडली तर काल केल्यासारखं. मी माझ्या नव्या डीबीची हिरवी वायर आणून तुमच्या त्या पट्टीवर जोडली, स्क्रू आवळला, आणि झाकण लावलं. तपासलं नाही. दोन दिवस मी त्या पट्टीच्या भरवशावर वरचं काम करत राहिले.

आता तो आयटीआयचा दिवस सांगते. तुम्ही कदाचित विसरून गेला असाल, मी विसरले नाही. बुलडाण्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही एकवीस जण होतो, वीस पोरं आणि मी. पहिलं वर्ष, दुसरा महिना. मोटरच्या स्टार्टरचं काम होतं. माझ्या शेजारच्या पोरानं सांगितलं, "बंद केलं मेन, लाव हात." मी हात घातला. मेन बंद नव्हतं. मी मागे फेकले गेले ती बाकावर आपटले, कोपर फुटलं, बाकी काही नाही. तुम्ही शेडच्या दुसऱ्या टोकाहून आलात. मला वाटलं तुम्ही विचाराल, लागलं का. तुम्ही विचारलंत, "कोणी सांगितलं बंद आहे म्हणून?" मी त्या पोराकडे बोट दाखवलं. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत. मलाच म्हणालात, सगळ्यांसमोर, आवाज जराही न चढवता, "त्यानं सांगितलं म्हणून तू हात घातला? उद्या मी सांगीन. म्हणून घालशील का? मी सांगितलं तरी तपासाचं. देव येऊन सांगून गेला तरी तपासाचं. हे जमत नसन तर घरी जाय. तुझं प्रेत तुझ्या बापाच्या दारात नेऊन टाकाचं काम मले जमनार नाही." पोरं हसली नाहीत, तेवढं खरं. ती नंतर हसली. कारण तुम्ही मला आठ दिवस दुसरं काही करूच दिलं नाही. हातात टेस्ट लॅम्प द्यायचा आणि शेडमधला प्रत्येक बोर्ड, दुसऱ्यानं हात लावायच्या आधी, मी तपासायचा. चालू की बंद. बंद की चालू. आठ दिवस. त्यानंतर दोन वर्षं माझं नाव 'टेस्टरबाई' पडलं. बसस्टँडवरसुद्धा पोरं ओरडायची.

मी घरी सांगितलं नव्हतं. सायकल स्टँडच्या मागे बसून रडले होते आणि तुम्हाला मनात वाट्टेल ते बोलले होते. पुढच्या सोमवारी तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. टेबलावर जुना पेपर पसरलेला. "चप्पल काढ, याच्यावर पाय ठेव," म्हणालात आणि वाकून पेन्सिलीनं माझ्या पावलाभोवती रेघ मारलीत. एका शिक्षकानं माझ्या पायाशी वाकावं, मला कुठं बघावं ते कळेना. दोन दिवसांनी जाड रबरी तळव्याचे, पोरांच्या शाळेचे असतात तसे पांढरे बूट एका पिशवीत. "चपलेवर उभं राहून हे काम होत नसते. माझ्या बायकोनं सांगितलं, पोरीले बूट घेऊन द्या आधी, मंग रागवा." एवढंच म्हणालात. ते बूट घालून मी परीक्षा दिली, परवाना काढला, लोकांच्या घरांत शिडीवर चढले. पोरं म्हणायची ती टेस्टरबाई बुलडाण्यात आता बावीस वर्षांपासून दुकान चालवते. पण सर, बूट मिळाले म्हणून तो दिवस पुसला गेला, असं काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरचं काम झालं. दिवे टांगले, चोक बाहेरच्या भिंतीवर लोखंडी पेटीत बसवले, टायमरमध्ये वेळ भरली. फक्त चालू करायचं बाकी. तुमची सून दिव्यांखालच्या मांडण्यांवर ट्रे लावतेय, कामाला असलेल्या दोन बायका झारीनं पाणी मारतायत, फरशी ओली, बायकांचे पाय ओले, आणि त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर लोखंडी टोप्या. माझा हात एमसीबीवर होता. तो तिथून काढून मी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. तुमची आठवण येऊन काढला असं म्हणाले तर खोटं होईल. हात आपोआप गेला. मेनकडून येणाऱ्या फेज आणि न्यूट्रलला लावला, बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थला लावला. काही नाही. तार सुटली असेल म्हणून परत लावला. काही नाही.

म्हणजे एखाद्या टोपीत वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. खाली येऊन मी तुमचा बोर्ड पुन्हा उघडला. पितळी पट्टीवरून एक जाड तार मागच्या भिंतीत जाते, ती धरून मी बाहेर आले. मागे पूर्वी मोकळी जागा होती, आता तिथं खोली आहे. तार त्या खोलीच्या भिंतीपाशी येते आणि संपते. बोटभर टोक बाहेर. त्या टोकावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. असं गुंडाळायला आम्हाला तुम्ही शिकवलंत, सर. जिल्ह्यात दुसरं कोणी एवढ्या निगुतीनं गुंडाळत नाही. म्हणजे तार तुटलेली तुम्हाला माहीत होती. तुम्हीच ती बंद करून ठेवलीत.

मी स्वयंपाकघरात आले. काकू फ्रिजमधून दूध काढत होत्या. फ्रिजसमोर जमिनीवर एक लाकडी पाट, आणि काकू त्या पाटावर उभ्या. पहिल्या दिवसापासून तो पाट मी पाहत होते, गुडघेदुखीसाठी असेल असं वाटलं होतं. मी विचारलं, "काकू, हा पाट इथं काऊन हो?"

"तुह्या सरनं ठेवला. फरशी थंडी लागते पायाले, म्हने. पाटावर उभं राहूनच फ्रिज उघडाचा, ओल्या पायानं नाही, अशी शपथच घातली होती मले. कधी कधी दांडी धरली का हाताले मुंग्या येतात, पन फ्रिज जुना झाला न तो."

एवढ्यात तुमच्या मुलाचा फोन आला, सुनेनं त्याला कळवलं असणार की काम थांबलं. मी त्याला म्हटलं, नवं अर्थिंग करावं लागेल, खड्डा घ्यावा लागेल, दोन दिवस वाढतील. तो चिडला. बरोबर आहे, त्याच्या जागी मीही चिडले असते. "ताई, ती वायरिंग पप्पांनी स्वतः केलेली आहे. अर्ध्या जिल्ह्याचे वायरमन त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या घरात अर्थिंग नाही असं कसं होईल? तुम्ही नीट पाहिलं का?" मी म्हटलं, "सरांनी चांगलंच केलं होतं. तार कुजली आतमध्ये. इतक्या वर्षांत होतं तसं." तो शांत झाला. करा म्हणाला.

फोन ठेवला तर काकू माझ्याकडेच बघत होत्या. "खोटं काऊन बोलली वं त्याच्याशी?"

"खोटं कुठं, काकू..."

"माह्या घरात बसून माह्या पोराशी खोटं बोलून राह्यली आन् मलेच सांगते. तांब्याची तार कुजते काय? चाळीस वर्षं त्या मानसाच्या तोंडून तारा ऐकल्या मी."

मग मी सांगितलं. तार कुठं तुटली, टोकाला पट्टी कशी गुंडाळली आहे, आणि पाट थंडीसाठी नाही, फ्रिजचा झटका लागू नये म्हणून ठेवला असेल. त्या ऐकत होत्या आणि हातातलं दुधाचं पातेलं तसंच होतं. मग हळूहळू त्यांनीच जुळवलं. पोराच्या लग्नाआधी मागची खोली काढली, गवंड्यानं पायासाठी खोदलं, अर्थिंगचा खड्डा खोलीखाली गेला. तुम्ही म्हणालात, पुढच्या उन्हाळ्यात समोर दुसरा घेऊ. उन्हाळ्यात लग्न झालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुमचं छातीचं दुखणं निघालं आणि अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"म्हंजे पंधरा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "पंधरा वर्षं मी या लाकडावर उभी आन् मले वाटे, मह्या पायाची काळजी हाय." पातेलं त्यांनी ओट्यावर इतक्या जोरात ठेवलं की दूध सांडलं. "साऱ्या दुनियेले सांगत फिरला, तपासा, तपासा. आन् घरी पाट टाकून मोकळा झाला. मले सांगाले काय झालं होतं? मीच घेतला असता खड्डा, मले कुदळ धरता येत नाही का?" आवाज ऐकून सून माडीवरून खाली आली, दारातच थांबली. काकूंनी पदरानं ओटा पुसला. पुसता पुसता म्हणाल्या, "त्याले लाज वाटली असन. आपल्या घरचं राहून गेलं, हे कोनाले सांगनार? शिकवलेल्या पोराईले बोलावलं असतं तर धावत आले असते सारे. पन बोलवावं कसं?"

मी येऊ शकले असते सर. बुलडाणा इथून किती लांब आहे?

दुसऱ्या दिवशी समोर, शेवग्याच्या झाडापासून चार हात सोडून, खड्डा घेतला. सुनेच्या कामावरच्या दोघी बायका आणि मी. वरची माती मऊ होती, खाली मुरूम लागला, आणि मग खरा घाम निघाला. काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सारख्या सांगत होत्या, "अजून खोल, अजून खोल," जशा काही तुमच्या वाटणीचंही त्याच बोलत होत्या. पाईप उभा केला, कोळसा आणि मीठ थरावर थर टाकले. पहिली बादली पाणी काकूंनी ओतली, दोन्ही हातांनी, कोणाला हात लावू न देता. नवी तार भिंतीवरून नेऊन तुमच्या पितळी पट्टीवर जोडली. या वेळी तिथंच टेस्ट लॅम्प लावला तेव्हा बल्ब असा पेटला की सुनेनं टाळीच वाजवली. मग ब्रेकरचं बटण दाबून तोही तुटतो का पाहिलं, लोखंडाच्या प्रत्येक टोपीपासून पट्टीपर्यंत मीटर लावून पाहिलं, आणि ओल्या हाताच्या दोघी बायकांना बाहेर काढून मगच वीज सोडली.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. पाट पायानं बाजूला सारला, अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या आणि फ्रिजची दांडी धरली. धरूनच राहिल्या. "काहीच लागत नाही," म्हणाल्या. मग दांडी सोडून, "आता बारा वर्षांनी काय भांडू त्याच्याशी." मग सुनेनं तो पाट रोपांच्या ट्रेखाली ठेवायला मागितला, तर तिला हात लावू दिला नाही. पुन्हा जागच्या जागी सरकवून ठेवला.

पाचव्या दिवशी टायमर नीट चालतो का पाहायला मी दुपारची एक वेळ भरली होती, तीन वाजताची. आम्ही तिघी माडीवर उभ्या होतो. तीनला कॉन्टॅक्टर खट् करून बसला. हे दिवे एकदम पेटत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आधी गुलाबी, मंद, काही बिघडलंय की काय असं वाटावं इतके मंद, आणि चार-पाच मिनिटांत हळूहळू पिवळे होत जातात. खाली ट्रेमध्ये काळ्या मातीवर कुठं कुठं मिरचीचा अंकुर वर आला होता, मान अजून वाकलेली. सून एकेक ट्रे सरळ करत होती. काकू खुर्चीवर बसून दिव्यांकडे डोळे बारीक करून बघत म्हणाल्या, "ऊन पडल्यासारखं वाटते नं?" सून म्हणाली, "आई, डोळे दुखतीन, वर नका पाहू."

हे पत्र कोणाला दाखवणार नाही मी. तुमच्या मुलाला तर नाहीच, त्याच्यासाठी तार कुजलीच होती, आणि काकूही त्याला तसंच सांगतात असं सुनेनं मला फोनवर सांगितलं. काकूंना मी वचन दिलंय की दर महिन्याला येऊन खड्ड्यात पाणी टाकलंय का बघेन. जाईन. पण त्यांना जे सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवते. मागच्या भिंतीपाशी मी एकटी होते, गुडघ्यावर बसलेली, ती गुंडाळलेली तार हातात होती, आणि ती तुमचीच आहे हे माझ्या लक्षात आलं. वाईट वाटलं सर, खूप वाटलं, रात्री जेवण गेलं नाही. पण ते नंतर. त्याच्याआधी, पहिल्यांदा, तुमचंही चुकलं याचा मला आनंद झाला होता.